रेंज, वायफाय, ब्लूटूथ आणि बॅटरी : फोनमधलं काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं

बॅटरी लवकर उतरते म्हटलं की सल्ला ठरलेला असतो : ब्लूटूथ बंद कर, लोकेशन बंद कर, वायफाय बंद कर. माणूस सगळं बंद करतो, घड्याळ आणि इअरफोन दिवसातून चार वेळा नव्याने जोडत बसतो आणि संध्याकाळी फोन तरीही पंधरा टक्क्यांवर आलेला असतो. खर्च दुसरीकडेच चाललेला असतो. टॉवरशी बोलणारा मोबाइल रेडिओ कमजोर रेंजमध्ये धडपडत असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

जोडणी नुसती चालू आहे म्हणून बॅटरी फारशी जात नाही. जोडणी सापडत नाही म्हणून फोन शोधत राहतो तेव्हा ती जाते. टॉवर किंवा राउटर लांब असल्यामुळे जोर लावून पाठवावं लागतं तेव्हा जाते. आणि निवांत पडलेल्या रेडिओला दर थोड्या वेळाने कुणीतरी उठवतं तेव्हा जाते. हे लक्षात घेतलं की कोणत्या बटणाला हात लावायचा आणि कोणतं विसरून जायचं, हे आपोआप कळायला लागतं.

थोडे आकडे बघू. ४जी फोनला टॉवरकडे पाठवताना साधारणपणे २३ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), म्हणजे सुमारे २०० मिलिवॅट इतकी कमाल ताकद वापरायची मुभा असते. छोट्या ब्लूटूथ उपकरणांच्या नेहमीच्या वर्गाची कमाल मर्यादा आहे २.५ मिलिवॅट, म्हणजे ऐंशी पट कमी. शिवाय २०० मिलिवॅट हवेत सोडायला बॅटरीतून त्याहून बरंच जास्त ओढावं लागतं, कारण ॲम्प्लिफायरमध्ये मोठा वाटा उष्णता होऊन जातो. रेंज नसलेल्या ठिकाणी फोन खिशात गरम का लागतो, त्याचं एक कारण हे.

५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास ऊर्जा. रेडिओने दिवसभरात सरासरी अर्धा वॅट जादा खाल्ला, तर आठ तासांत ४ वॅट-तास, म्हणजे बॅटरीचा पाचवा हिस्सा गेला. तेही स्क्रीनला बोट न लावता.

पायरी पहिली : आधी मोजा, मग बटणं दाबा

दोन रात्रींचा एक साधा प्रयोग आहे आणि तो प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं. पहिल्या रात्री झोपताना फोन नेहमीसारखाच ठेवा, फक्त चार्जिंगला लावू नका. किती टक्के आहे ते लिहून ठेवा आणि सकाळी उठल्यावर पुन्हा बघा. दुसऱ्या रात्री साधारण तेवढ्याच टक्क्यांवर, तेवढ्याच तासांसाठी, एअरप्लेन मोड लावून आणि वायफाय-ब्लूटूथही बंद करून तेच करा. अलार्म एअरप्लेन मोडमध्येही वाजतो, त्याची काळजी नको. एखाद्याचा महत्त्वाचा फोन येण्याची शक्यता असेल त्या रात्री मात्र हा प्रयोग नको.

दोन रात्रींमधला फरक म्हणजे तुमच्या वायरलेस जोडण्यांचा आणि त्यांच्यावर चालणाऱ्या ॲपचा रात्रीचा खर्च. फरक एक-दोन टक्क्यांचाच असेल, तर जोडण्या तुमचा प्रश्न नाहीत. स्क्रीनचा उजेड, गेम, व्हिडिओ किंवा जुनी झालेली बॅटरी यांच्याकडे वळा. फरक सात-आठ टक्क्यांचा किंवा त्याहून जास्त असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

दिवसाचा हिशोब फोन स्वतःच ठेवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर वापराची यादी असते. ती ॲपऐवजी सिस्टिमनुसार बघण्याची सोय असेल, तर त्यात 'मोबाइल नेटवर्क' ही ओळ शोधा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग बॅटरी, आणि तिथल्या यादीत 'नो सेल कव्हरेज' अशी ओळ दिसली, तर रेंज शोधण्यातच चार्जिंग गेलं असं फोन सरळ सांगतोय. ही ओळ यादीत वर दिसत असेल, तर ब्लूटूथ बंद करून काहीही साधणार नाही.

पायरी दुसरी : रेंज दांड्यांवरून नाही, आकड्यावरून ओळखा

वर कोपऱ्यात दिसणाऱ्या दांड्या किती रेंजला किती दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. त्यामुळे दोन फोनच्या दांड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. खरा आकडा डीबीएममध्ये असतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे तो सापडतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये डायलरवर *#*#४६३६#*#* टाकूनही चाचणीचं पान उघडतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचं पान येतं. तिथे फक्त बघायचं, काही बदलायचं नाही.

आकडा उणे असतो. ४जीला उणे ८०-९० च्या आसपास असेल तर रेंज उत्तम. उणे १०० म्हणजे चालण्यासारखी. उणे ११० किंवा त्याच्याही खाली गेला की फोन त्रासात आहे. ही मोजपट्टी सरळ रेषेत चालत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहा पटींचा फरक, वीसचा म्हणजे शंभर पटींचा. उणे ९० वरून उणे ११० वर गेलात, म्हणजे टॉवरकडून पोहोचणारा सिग्नल शंभरावा भाग उरला.

हे डोळ्यांनी बघता येतं. आकड्याचं पान उघडं ठेवून खिडकीपाशी उभे राहा, थोडा वेळ थांबा, आकडा स्थिर होऊ द्या. मग तोच फोन घेऊन खोलीच्या आतल्या कोपऱ्यात जा, नंतर जिन्याखाली किंवा तळघरात. पाच-सात पावलांत आकडा दहा-पंधराने घसरलेला दिसतो. लोखंडी कपाट, जाड भिंत, उष्णता अडवणारा धातूचा थर दिलेली काच, लिफ्ट, हे सगळे रेंजचे वैरी. फोन दिवसभर टेबलाच्या लोखंडी खणात राहत असेल, तर तो बाहेर काढून खिडकीच्या बाजूला ठेवणं हा या लेखातला सगळ्यात स्वस्त आणि बहुधा सगळ्यात गुणकारी उपाय. त्याला एकही सेटिंग लागत नाही.

खोलीत शेजारी बसलेल्याशी बोलणं आणि मैदानापलीकडच्याला हाक मारणं यात जितका फरक, तितकाच फोनच्या चांगल्या आणि वाईट रेंजमध्ये आहे. टॉवर लांब पडला की फोन पाठवण्याची ताकद वाढवत जातो. कमाल मर्यादेला पोहोचला की आणखी ताकद लावता येत नाही, मग वेग कमी होतो. म्हणजे जो फोटो दोन सेकंदांत गेला असता, त्याला वीस सेकंद लागतात, आणि ती वीस सेकंद रेडिओ पूर्ण जोरात चालू असतो. दुहेरी मार बसतो. म्हणून मोठ्या फाइल पाठवणं, बॅकअप आणि व्हिडिओ कॉल कमजोर रेंजमध्ये टाळावेत. दहा मिनिटांनी चांगल्या जागी पोहोचणार असाल, तर तेवढं थांबा.

पायरी तिसरी : रेंजच नसेल तर एअरप्लेन मोड, पण वायफाय चालू

रेंज अजिबात नसेल, तर फोन स्वस्थ बसत नाही. वेगवेगळ्या बँडवर, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर, टॉवर शोधतो, थोडा थांबतो, पुन्हा शोधतो. लांबचा डोंगरी रस्ता, तळघरातलं कामाचं ठिकाण, आडबाजूचा मुक्काम, अशा ठिकाणी काही तास घालवायचे असतील तर एअरप्लेन मोड लावणं हाच योग्य निर्णय. फक्त तेवढ्यावर थांबू नका. एअरप्लेन मोड लावल्यावर वायफाय आणि ब्लूटूथ वेगवेगळे चालू करता येतात. वायफाय असलेल्या पण रेंज नसलेल्या जागेत ही जोडी फार उपयोगी पडते. मोबाइल रेडिओ गप्प, मेसेज मात्र सुरू.

कॉलचं काय? त्यासाठी वायफाय कॉलिंग आहे. तुमची मोबाइल कंपनी आणि फोन दोघांनी ते दिलेलं असलं पाहिजे, आणि सेटिंग आधीच चालू करून ठेवलेलं असलं पाहिजे. आयफोनमध्ये ते मोबाइल डेटाच्या सेटिंग्जमध्ये असतं, अँड्रॉइडमध्ये सिमच्या सेटिंग्जमध्ये किंवा फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये. चालू केल्यावर एअरप्लेन मोड आणि वायफाय लावून दुसऱ्या फोनवरून स्वतःला एक कॉल करून बघा. लागला, तरच त्यावर विसंबा. ज्यांच्या घरात किंवा कामाच्या जागी वायफाय चांगलं आणि रेंज वाईट आहे, त्यांना या एका सेटिंगने जो दिलासा मिळतो, तो बाकी सगळ्या युक्त्या एकत्र करूनही मिळणार नाही.

पायरी चौथी : ५जी, ४जी आणि दुसरं सिम

५जी वाईट असं नाही. चांगल्या रेंजमध्ये मोठी फाइल पटकन उतरवून रेडिओ लवकर मोकळा होतो, तेव्हा ते फायद्याचंच असतं. अडचण दोन प्रसंगी येते. पहिला प्रसंग म्हणजे ५जीची रेंज काठावर असणं, कारण मग फोन ५जी आणि ४जी यांच्यात ये-जा करत राहतो. दुसरा म्हणजे ४जीच्या आधारावर चालणारं ५जी. बऱ्याच नेटवर्कवर ५जी अशाच पद्धतीने सुरू झालं, आणि त्यात फोनला दोन्हीकडची जोडणी एकाच वेळी सांभाळावी लागते.

आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पर्यायांत 'व्हॉइस अँड डेटा'मध्ये '५जी ऑटो' निवडा. '५जी ऑन' फक्त सतत जास्त वेग लागतो त्यांच्यासाठी. अँड्रॉइडमध्ये सिमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रिफर्ड नेटवर्क टाइप' असतं. तुमच्या भागात ५जी डळमळीत असेल, तर तिथे ४जीपर्यंतचा पर्याय निवडा आणि दोन दिवस फरक बघा. नुसते मेसेज, नकाशा आणि गाणी असा वापर असेल, तर वेगातला फरक जाणवणारही नाही.

एक सावधगिरी. वर सांगितलेल्या चाचणीच्या पानावर 'फक्त एलटीई', म्हणजे फक्त ४जी, अशी सक्ती करता येते आणि हा उपाय लोक एकमेकांना सुचवत असतात. तो करू नका. तुमच्या फोनवर आणि नेटवर्कवर ४जीमधून आवाजी कॉल नीट चालत नसतील, तर अशा सक्तीमुळे कॉल लागणंच बंद होऊ शकतं, आणि हे कळतं ते नेमकं तातडीच्या वेळी.

दोन सिम असतील, तर फोन दोन्ही नेटवर्कांवर हजेरी लावतो. दोन्हींची रेंज चांगली असेल तर खर्च किरकोळ. पण एकाची रेंज उत्तम आणि दुसऱ्याची नसल्यातच जमा असेल, तर दुसरं सिम फोनला दिवसभर शोधायला लावतं. सिम काढायची गरज नाही, सेटिंग्जमधून तेवढं एक बंद करता येतं. मात्र त्या नंबरवर बँकेचे ओटीपी येत असतील, तर हे लक्षात असू द्या.

पायरी पाचवी : रेडिओला सारखं उठवू नका

हा भाग फारसा कुणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. मोबाइल डेटा वापरून झाला की रेडिओ त्याच क्षणी झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो काही काळ जागा राहतो. ४जीमध्ये हा काळ साधारण दहा सेकंदांच्या आसपास असतो, नेटवर्कनुसार कमी-जास्त. म्हणजे एखाद्या ॲपने अर्ध्या सेकंदात चार ओळी मागवल्या, तरी रेडिओ दहा सेकंद जागा.

आता हिशोब करा. एखादं ॲप दर मिनिटाला असं करत असेल, तर तासाभरात रेडिओ दहा मिनिटं जागा राहिला. तेच ॲप तासातून एकदा सगळं मिळून मागवत असतं, तर दहा-बारा सेकंदांत काम झालं असतं. डेटा तेवढाच, बॅटरीचा खर्च मात्र कुठल्या कुठे. म्हणूनच किती एमबी वापरले यापेक्षा किती वेळा वापरले, हा प्रश्न महत्त्वाचा.

अँड्रॉइडमध्ये २०१५ साली, सहाव्या आवृत्तीत, डोझ नावाची सोय आली. पडून असलेल्या फोनमधल्या ॲपना ती मनमानी करू देत नाही, सगळ्यांची कामं एकत्र करून थोड्या थोड्या वेळाने सोडते. पण अनेक ॲप बसवल्या बसवल्या 'बॅटरीची बंधनं काढा' अशी परवानगी मागतात आणि आपण 'हो' म्हणून मोकळे होतो. ॲपच्या माहितीच्या पानावर बॅटरी या सदरात जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' कुणाकुणाला दिलंय ते तपासा. घड्याळाचं किंवा आरोग्याच्या उपकरणाचं ॲप असेल तर राहू द्या. खरेदीच्या, बातम्यांच्या, खेळांच्या ॲपना त्याची काही गरज नाही.

आयफोनमध्ये जनरलमधल्या 'बॅकग्राउंड ॲप रिफ्रेश'मध्ये फक्त वायफायवर हा पर्याय निवडा, किंवा ज्या ॲपचं काम नाही त्यांचं बटण बंद करा. मेसेज येणं यामुळे थांबत नाही, कारण सूचना वेगळ्या वाटेने येतात. त्यासाठी सगळ्या ॲपना मिळून एकच सामाईक जोडणी असते आणि ती बऱ्यापैकी काटकसरी असते.

मेलचं सेटिंगही बघा. जुन्या पद्धतीच्या मेल खात्यांना दर पंधरा मिनिटांनी विचारायला जावं लागतं. दिवसातून तीन-चार मेल येणाऱ्या खात्याला तासाची मुदत पुरे, किंवा स्वतः उघडल्यावरच येऊ द्या. व्हीपीएन (सगळा डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्गे गुप्तपणे नेणारी सोय) सतत चालू ठेवत असाल, तर तेही जोडणी जिवंत ठेवण्यासाठी अधूनमधून रेडिओला टोचत राहतं. कामाला लागेल तेवढंच लावा.

आणि प्रवासात लागणारी गाणी, नकाशे, व्हिडिओ वायफायवर असतानाच उतरवून घ्या. धावत्या गाडीत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जात असतो आणि मधे मधे रेंज जाते. तिथे तासभर व्हिडिओ बघणं बॅटरीला सगळ्यात महाग पडतं.

पायरी सहावी : वायफाय बंद करू नका, नीट लावा

घरात किंवा कामाच्या ठिकाणी चांगलं वायफाय असेल, तर ते चालू असणं हीच बचत आहे. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा, नेमकं सांगायचं तर १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा, एक छोटा संकेत सोडतो. फोनचा वायफाय रेडिओ मधल्या वेळात झोपतो, ठरलेल्या संकेतापुरता जागा होतो, आपल्यासाठी काही आलंय का ते ऐकतो आणि पुन्हा झोपतो. त्यामुळे हाताशी वायफाय असताना ते बंद करून मोबाइल डेटा वापरणं, हे बचतीच्या नावाखाली केलेलं नुकसान आहे.

पण वायफायलाही अंतराचा तोच नियम. राउटरच्या टप्प्याच्या अगदी काठावर फोन असेल, तर तो एकदा वायफाय, एकदा डेटा असं करत राहतो आणि दोन्हींचा खर्च होतो. तिथे एक काहीतरी ठरवा : राउटरची जागा बदला, नाहीतर त्या खोलीत वायफाय बंद ठेवा. राउटरच्या जवळ ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा, काम पटकन होतं. दोन भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झ बरं, ते लांब पोहोचतं.

राउटरचं नाव लपवून ठेवलं असेल तर ते उघड करा. लपवलेलं नाव फोनला नुसतं ऐकून कळत नाही, 'अमुक नेटवर्क आहे का' असं पुकारत राहावं लागतं. सुरक्षेला त्याचा उपयोग नाहीच म्हणा, बळकट पासवर्ड हवा.

आणखी दोन गोष्टी बऱ्याच जणांना माहीत नसतात. अँड्रॉइडमध्ये वायफाय बंद केलं तरी आसपासची नेटवर्कं हुंगणं सुरू राहू शकतं, जागा ओळखायला मदत व्हावी म्हणून. लोकेशनच्या सेवांमध्ये 'वायफाय स्कॅनिंग' आणि 'ब्लूटूथ स्कॅनिंग' अशी दोन बटणं वेगळी असतात. बंद करायची असतील तर तिथून करा. इमारतीच्या आत नकाशा जरा कमी अचूक होईल, एवढंच. आयफोनमध्ये २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, कंट्रोल सेंटरमधलं वायफाय किंवा ब्लूटूथचं बटण दाबल्याने ते बंद होत नाही, फक्त सध्याची जोडणी तुटते, आणि पहाटे पाचला पुन्हा जोडलं जातं. पूर्ण बंद करायचं तर सेटिंग्जमध्येच जावं लागतं.

ब्लूटूथ, एनएफसी आणि लोकेशन

इथे थोडक्यात आटोपतो, कारण इथे बॅटरी वाचवण्यासारखं फार नाही. २०१० मध्ये आलेल्या ब्लूटूथ ४.० ने कमी ऊर्जेची पद्धत आणली आणि स्मार्ट घड्याळं, मनगटावरचे फिटनेस पट्टे त्यावरच चालतात. चालू राहू द्या. एनएफसी, म्हणजे फोन यंत्राजवळ धरून पैसे भरण्यासारख्या कामांची जोडणी, काही सेंटिमीटरवरच चालतं आणि स्क्रीन बंद असताना सहसा झोपलेलंच असतं. तेही राहू द्या.

लोकेशनचं तसं नाही. जीपीएस फक्त ऐकतं, काही पाठवत नाही, पण सुमारे २०,२०० किलोमीटरवरच्या उपग्रहांचा क्षीण सिग्नल सतत ऐकून गणित करत राहणं खर्चिक असतं. मुख्य बटण बंद करण्यापेक्षा परवानग्या आवळा : 'नेहमी' ऐवजी 'ॲप वापरत असताना'. नकाशा बंद केल्यावर मार्गदर्शन खरंच थांबलंय ना, तेही बघा. फोन शोधून देणाऱ्या सोयीची परवानगी मात्र काढू नका.

हॉटस्पॉट

एका बटणात सगळ्यात जास्त बॅटरी खाणारी सोय हीच. फोन स्वतः राउटर होतो, म्हणजे झोपेची मुभा गेली, आणि दुसरीकडे मोबाइल रेडिओही पूर्ण वेळ कामाला. लॅपटॉपला नेट द्यायचं असेल तर केबलने द्या, यूएसबी टेदरिंग. वायफायचा भार हलका होतो आणि फोन चार्जही होत राहतो. केबल नसेल आणि नुसत्या मेलपुरतंच काम असेल, तर ब्लूटूथ टेदरिंग पुरतं, वेग कमी पण खर्चही कमी. वायफाय हॉटस्पॉटच लागणार असेल, तर फोन खिडकीत ठेवा आणि लॅपटॉप त्याच्या जवळ आणा. कुणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद व्हावा, असं सेटिंग बहुतेक अँड्रॉइडमध्ये असतं, ते चालू करा.

जाता जाता, ज्यांना अँड्रॉइडमधलं डेव्हलपर ऑप्शन्स हे एरवी लपलेलं सेटिंगचं पान उघडता येतं त्यांच्यासाठी : तिथे 'मोबाइल डेटा ऑलवेज ॲक्टिव्ह' हे बटण बऱ्याच फोनमध्ये मुळातच चालू असतं. वायफायवर असतानाही डेटाची जोडणी तयार ठेवणं हे त्याचं काम. दिवसभर एकाच भक्कम वायफायवर असाल तर बंद करून बघा. वायफाय सुटल्यावर डेटा सुरू व्हायला क्षणभर उशीर लागेल.

ई-रीडर वापरणाऱ्यांना मात्र सरळ सांगतो : पुस्तक उतरवून झालं की वायरलेस बंद. तिथे स्क्रीन जवळजवळ काहीच खात नाही, त्यामुळे रेडिओचा वाटा मोठा ठरतो.

दहा टक्के उरले आणि चार्जर लांब आहे

आधी लो पॉवर मोड किंवा बॅटरी सेव्हर लावा. मागचं काम, मेल आणणं, आयफोनवर बराचसा ५जी वापर, हे सगळं तो एका झटक्यात आवरतो. मग हॉटस्पॉट आणि व्हीपीएन बंद आहेत याची खात्री करा. त्यानंतर मोबाइल डेटा बंद करा, पण सिम चालू ठेवा. कॉल आणि साधे एसएमएस येत राहतात. काही नेटवर्कवर चित्रांचे मेसेज येणार नाहीत, एवढं चालवून घ्या. त्याच वेळी दुसरं सिम बंद करा.

एवढं करून रेंज चांगली असेल, तर स्क्रीन बंद ठेवून दहा टक्क्यांत फोन पुष्कळ वेळ कॉल घेण्याच्या स्थितीत राहतो. रेंज वाईट असेल, तर एअरप्लेन मोड लावा आणि घरच्यांना आधी एक मेसेज करून ठरावीक वेळ सांगा, म्हणजे त्या वेळी फोन चालू असेल. दर पाच मिनिटांनी एअरप्लेन मोड काढून बघत बसू नका. प्रत्येक वेळी फोन नव्याने नेटवर्क शोधतो, हजेरी लावतो, आणि साचलेली सगळी ॲप एकदम तुटून पडतात. ठरलेल्या वेळी उघड्यावर किंवा उंच जागी या, तिथे एअरप्लेन मोड काढा, कॉल करा, मेसेज बघा, आणि पुन्हा लावा.